बायपास झाली, पण पोटाची

मार्केट यार्डात कुणी विचारलं तर मी 'बायपास झाली' एवढंच सांगतो. समोरचा लगेच म्हणतो, "किती ब्लॉकेज होते?" पोटाची झाली म्हटलं की दुसरा प्रश्न ठरलेला, "म्हणजे जठर काढून टाकलं?" तर नाही. माझ्या पोटातून काहीच बाहेर काढलेलं नाही. वजन उतरावं म्हणून जेवण जायचा मार्ग तेवढा बदललाय. पण तेवढ्यानं काय काय बदलतं, ते सविस्तर लिहितो, कारण ऑपरेशनचा विचार करणारे बरेच जण मला गाठून विचारत असतात.

मी सांगलीत बेदाण्याच्या अडत दुकानात काम करतो. उंची पाच फूट सात इंच आणि ऑपरेशनआधी वजन १२८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४४. जुना मधुमेह, दोन वेळचं इन्सुलिन, तरी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ९.४. झोपेत श्वास अडकायचा, बायको घाबरून हलवून उठवायची. डाएट केलं, पहाटे हरिपूर रोडला चालायला गेलो. आठ-दहा किलो उतरायचे आणि व्याजासकट परत यायचे.

शेवटी मिरज गाठली. १८९४ मध्ये मिशनरी डॉ. वानलेसांनी तिथं दवाखाना उभा केला, तेव्हापासून आमच्या भागातला माणूस आजारी पडला की मिरजेचीच वाट धरतो. सर्जननी केसपेपर उलटा केला आणि पेनानं पोट काढलं. "हे बघा, अन्ननलिका संपते तिथं जठराचा एवढासा कप्पा वेगळा करायचा. साधारण ३० मिलीचा, अक्रोडाएवढा. उरलेलं जठर जागेवरच राहणार, पण त्यात जेवण जाणार नाही. मग लहान आतडं वरच्या बाजूला कापायचं. खालचं टोक वर ओढून या कप्प्याला जोडायचं. दुसऱ्या टोकातनं पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येतो. ते एक-दीड मीटर खाली त्याच आतड्याला जोडायचं." कागदावर इंग्रजी वाय तयार झाला. म्हणून या ऑपरेशनला रू-एन-वाय म्हणतात. रू हे एका स्विस सर्जनचं आडनाव.

मी विचारलं, "कमी जेवण जातंय म्हणून वजन उतरतं, एवढंच ना?" ते म्हणाले, एवढंच असतं तर डाएटनंही जमलं असतं. जेवण आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं, तिथून जीएलपी-१ सारखी संप्रेरकं जास्त सुटतात. पोट भरल्याची जाणीव लवकर होते, इन्सुलिन नीट काम करायला लागतं. त्यामुळे वजन उतरायच्या आधीच बऱ्याच जणांची साखर खाली येते. हे ऐकलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं.

वजन उतरवायचं दुसरं ऑपरेशन म्हणजे स्लीव्ह, ते सोपं, असं ओळखीतले सांगत होते. त्यात जठराचा मोठा भाग कायमचा कापून काढतात, आतड्याला हात लावत नाहीत. पण मला छातीत जळजळीचा जुना त्रास, आणि स्लीव्हनंतर तो वाढू शकतो. शिवाय मधुमेह जुना. म्हणून माझ्यासाठी बायपास ठरली.

धोके त्यांनी न विचारता सांगितले, आणि तिथंच माझा विश्वास बसला. जोड गळणं, रक्तस्राव, पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं. मृत्यूचं प्रमाण हजारात एक ते तीन. नंतरच्या काळात जोडाजवळ अल्सर होऊ शकतो, म्हणून तंबाखू कुठल्याही रूपात बंद आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या बंद. घरी आल्यावर आई म्हणाली, "अरे, धडधाकट पोटाला कशाला सुरी लावून घेतोस?" तिला उत्तर बायकोनं दिलं, "आई, रात्री ह्यांचा श्वास थांबतो तेव्हा मी जागी असते." त्यावर आई काही बोलली नाही.

विम्याचं तेवढं सांगतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी आशियाई लोकांना बीएमआय २७.५ पासूनच या ऑपरेशनचा पर्याय द्यावा म्हणतात. पॉलिसीतलं ठरीव कलम मात्र ४० मागतं, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह यांसारखा आजार. मी त्यात बसत होतो, तरी कंपनीनं कागदामागून कागद मागवले. झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट आधीच करून ठेवा. तो डॉक्टरांनाही लागतोच.

एंडोस्कोपी, सोनोग्राफी, इको, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ असं सगळं पार पडलं. ऑपरेशनआधी भात-भाकरी जवळजवळ बंद, कारण सुजलेलं चरबीचं यकृत आक्रसलं की दुर्बिणीला जागा मिळते. ऑपरेशनबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही, मी झोपलो होतो. पोटावर लहान लहान भोकं, पायाला हवेचे पट्टे, आणि संध्याकाळी नर्सनं उठवून कॉरिडॉरमध्ये चालवलं. पाणी औषधाच्या टोपणानं, घोट घोट. इन्सुलिनचा डोस मात्र घरी जायच्या आधीच निम्म्यावर आला होता. तेव्हा सर्जनचं म्हणणं पटलं.

आधी पातळ ताक, मुगाच्या डाळीचं वरचं पाणी आणि प्रोटीन पावडर. मग मिक्सरमधलं, मग मऊ. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात जायलाच हवं. इवल्याशा वाटीतून ते जमवणं म्हणजे कसरत. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी नाही, नंतर नाही. आमच्याकडे तांबड्या रश्श्याशिवाय जेवण होत नाही, तिथं मी पनीरचा तुकडा चावत बसलेला. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळायला लागले. ते तात्पुरतं असतं, पण तेव्हा नाही पटत.

बेदाणा वेगळंच प्रकरण. सौद्यात नमुना समोर येतो, हिरवा, पिवळा, काळा, आणि चव घेतल्याशिवाय भाव बोलता येत नाही. सुरुवातीला पाच-सहा दाणे गेले पोटात. थोड्याच वेळात छाती धडधडायला लागली, शर्ट घामानं भिजला, पोटात कळ आणि मग संडासकडे धाव. याला डंपिंग म्हणतात. साखर एकदम आतड्यात उतरते, ती पातळ करायला आतडं शरीरातलं पाणी ओढून घेतं. आता मी दाणा चावतो, चव घेतो आणि थुंकतो. शेतकरी आधी वाईट मानायचे, माल आवडला नाही समजून. आता त्यांनाही ठाऊक झालंय.

गोळ्या जन्मभर. लोह आणि कॅल्शियम आतड्याच्या ज्या भागात जास्त शोषलं जातं तोच भाग वगळलाय, आणि बी-१२ शोषायला जठराची मदत लागते. म्हणून मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, डी, बी-१२, आणि ठरावीक काळानं रक्ततपासणी. वजन झपाट्यानं उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी पहिले सहा महिने वेगळी गोळी होती. आणि आतली आतडी जोडणीमुळे झालेल्या नव्या फटीत अडकू शकतात, अगदी काही वर्षांनीसुद्धा. पोटात जोराची कळ येऊन थांबत नसेल तर गॅस म्हणून ओवा खात बसायचं नाही. तडक दवाखाना, आणि तिथल्या डॉक्टरला बायपासचं पहिल्यांदा सांगायचं. माझ्या पाकिटात तशी चिठ्ठी आहे.

आज वजन ९१. मध्ये ८८ झालं होतं, तीन किलो परत आले. घोरणं गेलं, इन्सुलिन सुटलं, एचबीएवनसी ६.२. मेटफॉर्मिनची एक गोळी अजून चालू आहे. ती बंद करायची डॉक्टरांना घाई नाही, मलाही नाही.