सावली पायात यायच्या आत

नळदुर्गच्या उपळी बुरजाच्या पायऱ्या चढताना मला थंडी वाजली. एप्रिलचा दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी, सकाळचे साडेअकरा, आणि माझ्या हातावर काटा. मी मैत्रिणीला म्हणाले, "वारं छान सुटलंय बघ." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि दंड धरून मला तिथंच खाली बसवलं. वारं सुटलंच नव्हतं.

पुढचा तासभर मी दगडी कमानीच्या सावलीत आडवी होते. दोनदा उलटी झाली. ओढणी भिजवून मानेवर ठेवायची तर पाणी कुठं होतं? चौघींत मिळून तीन बाटल्या, त्यातली एक गाडीत राहिलेली. शेवटी तिथं काम करणाऱ्या एका बाईनं आपल्या डब्याबरोबरचं ताक दिलं, मीठ घातलेलं. ज्याच्यासाठी गेलो होतो तो बोरी नदीच्या बंधाऱ्यातला पाणी महाल न बघताच परतलो.

लाज याची वाटली, की मी जन्मानं सोलापूरची. 44 अंश ही आमच्याकडं बातमीसुद्धा नसते. पण आम्ही उन्हाळा काढतो तो पडदे ओढून, दुपारी रस्ते ओस टाकून. उन्हात किल्ला चढायचं आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, आपल्या कोरड्या हवेत घाम येतो तसा वाळतो. मुंबईचा माणूस निथळायला लागतो म्हणून पाणी तरी मागतो. आपलं अंग कोरडंच राहतं आणि आतलं पाणी कधी संपलं ते कळत नाही. त्यात किल्ल्याचा काळा दगड सकाळपासून तापलेला, म्हणजे ऊन वरूनही आणि खालूनही.

घरी सासूबाई म्हणाल्या, "हिंडायचंच असलं तर तुळजापूरला जा." हे काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

मे महिना मी गप्प बसले. जूनपासून पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या काठानं फेऱ्या मारायला लागले, मग आम्ही चौघी मिळून रविवारी हिप्परग्याला. तुळजापूर रोडवरचा हा एकरुख तलाव इंग्रजांच्या काळातला, 1871 सालचा. त्याच्या लांबलचक मातीच्या बांधावर चालायचं, पाणकावळे बघायचे आणि ऊन चढायच्या आत घरी येऊन इडली-सांबार. आमच्या गल्लीतल्या काकू रोज विचारायच्या, "कुठं जालालाव गं एवढ्या पहाटे?" मी म्हणायची, "चालायला." त्यांना ते कधी पटलं नाही. गाडी असताना कोण चालतं?

खरी गोष्ट शिकले ती डिसेंबरात, नान्नजला. बार्शी रोडनं वीसेक किलोमीटर. इथलं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य 1979 साली जाहीर झालं तेव्हा कागदावर 8,496 चौरस किलोमीटर होतं. त्यात कित्येक गावं, शेतं, विहिरी आल्या, आणि लोकांनी वर्षानुवर्षं तक्रार केल्यावर हद्द बरीच कमी झाली. वनखात्याच्या चौकीवर नाव नोंदवून आत गेलं, की समोर फक्त माळ. डिसेंबरात गवत पिकून पिवळं झालेलं असतं आणि उगवतीचं ऊन तिरपं पडलं की सबंध माळ पेटल्यासारखा दिसतो. माळढोक दिसला नाही. तो दिसेल अशी आशा धरून जाऊच नये, आता तो जवळजवळ संपला आहे. पण काळविटांचा कळप आमच्यापुढून गेला. मधला काळाभोर नर एकदा उगाचच उंच उडाला. वर भोवत्या, म्हणजे एक शिकारी पक्षी, घिरट्या घालत होता. चंडोलाचं गाणं कानावर येत होतं, चंडोल काही सापडत नव्हता.

आणि कुसळं! या कुसळांविषयी आधी कुणीच कसं सांगत नाही? माझे मोजे दहा मिनिटांत साळिंदरासारखे झाले. कुसळ मोज्यातून आरपार जातं आणि प्रत्येक पावलाला आत सरकतं. विणलेले मोजे घालून माळावर जाऊ नये. जाड, गुळगुळीत कापडाची विजार घोट्यापर्यंत असावी. लेगिंग्ज घालून आलेल्या मैत्रिणीनं परतीचा सगळा प्रवास कुसळं उपटण्यात घालवला.

बाहेर पडल्यावर रस्त्याकडेच्या बाभळीखाली एक म्हातारे धनगर मेंढरं सोडून बसले होते. आम्ही घड्याळात बघून "अजून दहाच वाजलेत, थोडं फिरू या का?" असं बोलत होतो. ते म्हणाले, "अक्का, घड्याळाला काय इचारता? सावलीला इचारा. सावली तुमच्यापेक्षा आखूड झाली का झाड गाठायचं. पायात आली मग गाठून उपेग नाही." आणि काठी उभी धरून त्यांनी सावली दाखवली. काठीपेक्षा बरीच लांब होती. अजून वेळ होता.

ही युक्ती मी वर्षभर पडताळून बघितली. सोलापूरला डिसेंबरात साधारण अकरापर्यंत माणसाची सावली माणसापेक्षा लांब असते. एप्रिलात साडेनऊच्या आतच ती आखूड होते. म्हणजे आम्ही नळदुर्गच्या पायऱ्या चढायला लागलो, तेव्हा झाड गाठायची वेळ उलटून दोन तास झाले होते.

तेव्हापासून आमचं निघणं सावलीवर ठरतं. एप्रिल-मेमध्ये आम्ही जातच नाही. ज्यांना जायचंच आहे त्यांनी उजाडता उजाडता चालायला लागावं आणि नऊला गाडीत असावं. पाणी माणशी तीन लिटर, त्यातली एक बाटली रात्री अर्धी भरून फ्रीजरमध्ये आणि सकाळी वर साधं पाणी. दुसऱ्या एका बाटलीत लिटरभर पाण्याला चहाच्या लहान चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर मोजून घालायची. सरबत समजून वाढवली की त्याचा उपयोग राहत नाही. टोपीपेक्षा ओला पंचा बरा, आमच्या गिरणगावात त्याला काय तोटा! खायला धपाटे, दही, शेंगाचटणी. कडक भाकरी चालते, पण ती खाल्ली की तहान फार लागते.

पुढच्या सप्टेंबरात नळदुर्गला परत गेलो. आपल्याकडं पाऊस उशिरा, सप्टेंबरातच काय तो जोर धरतो. बोरी भरून बंधाऱ्यावरून नर आणि मादी दोन्ही धबधबे कोसळत होते. पाणी महालाच्या खिडकीतून समोर पाण्याचा पडदा. उपळी बुरजाच्या त्याच पायऱ्या मी न थांबता चढले आणि वर जाऊन मुद्दाम पाच मिनिटं बसले.

यंदा जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची, गर्दी ओसरल्यावर हत्तरसंग कुडलला गेलो. विजापूर रोडनं मंद्रूप ओलांडून पुढं, सीना जिथं भीमेला मिळते तिथं. गाडी अलीकडंच लावून ज्वारीतल्या पायवाटेनं चालत गेलो. कणसं हुरड्याला आली होती. एका शेतातल्या बाईंनी हाक मारून मूठमूठ हुरडा हातावर दिला, पैसे घेतले नाहीत.

संगमावर दोन जुनी देवळं. हरिहरेश्वराच्या देवळात 359 मुखांचं शिवलिंग आहे. मोजायला बसलो आणि साठाच्या पुढं भांडण झालं. संगमेश्वराच्या देवळात वर तुळईवर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा लेख आहे. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी हयातभर या भागातले शिलालेख शोधले, त्यातला हा मोठा. मान वर करून एकेक अक्षर लावत मी मोठ्यानं वाचलं, "वाछि तो विजेया होइवा."

"म्हणजे?"

"वाचील तो विजयी होईल."

ज्या मैत्रिणीनं मला नळदुर्गला दंड धरून बसवलं होतं, तिनं पंचा पिळत विचारलं, "हे तुझ्यासाठी लिहिलंय का बे? त्या एप्रिलात वाचलीस म्हणून?"

चौघी एवढ्या मोठ्यानं हसलो की बाहेर बसलेले गुरव आत डोकावले. देवळाबाहेर आलो तेव्हा अंगणातल्या फरशीवर माझी सावली माझ्याएवढीच उरली होती. कुणी काही न बोलता पिशव्या उचलल्या.