माझा अनुभव : तक्ता तोच, समुपदेशक वेगळ्या

इंदूरमध्ये राजवाड्याच्या गर्दीत शिरलं की छातीत धडधडायचं, हातापायांना मुंग्या यायच्या, आता काही आपण वाचत नाही असं वाटायचं. ईसीजी, थायरॉइड, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, हे पॅनिक अटॅक आहेत, समुपदेशन घ्या. मी गेले ती आमच्या यांच्या आग्रहाखातर. मला स्वतःला घरात बसून राहणंच सोयीचं वाटत होतं.

पहिल्या ठिकाणी माझं बोलणं संपायच्या आत हातात तक्ता आला: प्रसंग, त्या वेळी मनात आलेला विचार, भीती किती. तक्त्यात काही वावगं नव्हतं, सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारात, तो वापरतातच. पण लॅपटॉपवरून नजर न काढणाऱ्या माणसासमोर ‘मला वेड लागेल अशी भीती वाटते’ हे तोंडातून निघेना. लवकरच जाणं सुटलं.

पुढे दुसऱ्या मॅडमनी अगदी तसाच तक्ता दिला आणि तो मी नेमाने भरला.

त्यांनी आधी विचारलं होतं, “यातून बाहेर पडावं असं तुम्हाला स्वतःला दहापैकी किती वाटतं?” मी खरं तेच सांगितलं, तीन. आता उपदेश ऐकावा लागणार, असं वाटलं. त्या म्हणाल्या, “तीन का? शून्य का नाही?” आणि मी बोलून गेले, की अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, बाबा मला खांद्यावर बसवून दाखवायचे, माझ्या लेकीने त्या फक्त मोबाइलवर पाहिल्यात. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

नंतर यावर बरंच वाचलं. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या समस्येत अडकलेल्यांसाठी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग ही समुपदेशनाची पद्धत मांडली. त्यात बदलण्याचं कारण गळी उतरवत नाहीत, ते माणसाच्याच तोंडून येऊ देतात. एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याची तीन अंगं सांगितली: ध्येयावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत आणि एकमेकांवर विश्वास. पहिल्या ठिकाणी माझं ध्येय कोणी विचारलंच नव्हतं.

खरी कसोटी पुढे होती. कृष्णपुरा छत्रीपासून राजवाड्यापर्यंत एकटीने चालायचं, पर्समध्ये आधाराला पाण्याची बाटलीसुद्धा नाही आणि भीती आली तरी ती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं. मनापासून हवं असल्याशिवाय हे कोणी करणार नाही. एका संध्याकाळी मी अर्ध्यातून रिक्षा करून परतले. मॅडम म्हणाल्या, “शायद अभी आपका मन तैयार नहीं है.” ते फार लागलं. पुढच्या वेळी धीर करून तसं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “चूक माझी. पायरी मी फार उंच ठेवली. कसं जमेल ते तुम्ही सांगा.” मी म्हटलं, सकाळी, दुकानं उघडायच्या वेळी. तसं जमलं, मग हळूहळू संध्याकाळही जमली. त्या दिवशी त्यांनी स्वतःची बाजू मांडली असती, तर मी तिथूनही उठले असते.

भीती अजून कधीकधी येते, पण मी थांबू शकते. यंदा लेकीला घेऊन झांक्यांना जायचं ठरलंय.

कोणी सुरुवात करत असेल, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी जरूर बघा आणि खटकलं तर त्यांना तोंडावर सांगून बघा. कुठे जावं हेच कळत नसेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.