पालिका शाळेतल्या चित्रकार मुलांसाठी वर्ग चालवताना

‘हवं ते काढा’ असं सांगून कोरा कागद दिला की बहुतेक मुलं दोन डोंगर काढतात. मधून सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी आणि नारळाचं झाड. सामाजिक संस्था पालिका शाळेत चित्रकलेच्या वर्गासाठी मुलं निवडायला जातात तेव्हा असंच काहीतरी काढून घेतात आणि ज्याचं रंगकाम स्वच्छ त्याला घेतात. इथेच चूक होते. ते चित्र पाठ केलेलं असतं. त्यातून मुलाच्या घरी रंगपेटी आहे की नाही एवढंच कळतं. डोळा कळत नाही.

निवडीसाठी दोन वेगवेगळ्या दिवशी दोन कामं द्यावीत, दोन्ही फक्त पेन्सिलने. पहिल्या दिवशी स्वतःची चप्पल समोर ठेवून तीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवरची एक जागा आठवून चाळीस मिनिटं. पहिल्या कामात रेषेची सफाई बघू नका. मूल किती वेळा मान वर करून चप्पल बघतं ते बघा. पट्टा तळव्याला नेमका कुठून जोडला आहे हे ज्याने शोधलं, त्याचं चित्र वेडंवाकडं असलं तरी त्याला घ्या. दुसऱ्या कामात नळावरची रांग, नाका, भाजीची हातगाडी दिसली की समजावं, हे मूल रस्त्याने चालताना बघत असतं. मुंबई पालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेत, त्यामुळे सूचना तोंडी सांगण्यापेक्षा करून दाखवलेल्या बऱ्या.

सामानाचा हिशोब आधीच मांडावा. 22 बाय 30 इंचांच्या कार्ट्रिज कागदाचे (चित्रकलेचा जाड कागद) 15 बाय 11 चे चार तुकडे होतात. मुलाला आठवड्याला चार तुकडे धरले, तर 25 मुलांना आठवड्याला 25 पूर्ण ताव लागतात, बारा आठवड्यांना 300, आणि वाया जाणारे धरून 330. कागदात काटकसर करू नका. ‘कागद जपून वापर’ असं ऐकलेलं मूल छोटं आणि घाबरत काढतं. पोस्टर कलरमध्ये पांढरा आणि पिवळा सगळ्यात आधी संपतात, म्हणून सगळ्या रंगांचे सारखे संच घेण्याऐवजी हे दोन वेगळे, मोठ्या बाटल्यांत घ्या. झाकणाच्या कडेला रंग वाळला की झाकण नीट बसत नाही आणि आतला रंग दगड होतो. वर्ग संपताना कड पुसायची आणि आत पाण्याचे दोन थेंब टाकायचे, हे काम मुलांनाच द्यावं. ब्रश पाण्याच्या डब्यात उभे ठेवले की केस वाकतात, ते आडवे वाळवा. कपाटाला दोन किल्ल्या हव्यात, आणि एक शाळेबाहेर, संस्थेकडे. किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर, म्हणून वर्ग रद्द, असं फार वेळा होतं.

शिकवताना खरा वेळ वस्तुचित्राला, म्हणजे समोरची वस्तू बघून काढायच्या चित्राला, द्यावा लागतो. राज्य सरकारच्या रेखाकला परीक्षा दोन, आधी एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट. एलिमेंटरीत दोन दिवसांत चार पेपर असतात: वस्तुचित्र, स्मरणचित्र (आठवून काढायचं), संकल्पचित्र (नक्षीकाम) आणि भूमिती-अक्षरलेखन. वस्तुचित्रात तांब्याचं तोंड अंडाकृती येतं, पण बूड मात्र सरळ रेषेचं. कारण तांब्या सपाट टेबलावर उभा आहे हे मुलाला माहीत असतं, आणि ते बघितलेलं न काढता माहीत असलेलं काढतं. काचेच्या ग्लासात अर्धं पाणी भरा, डोळ्यासमोर धरा, मग हळूहळू खाली न्या. पाण्याची कड रेषेची अंडाकृती होत जाते आणि ग्लासाचं बूड तिच्याहूनही गोल दिसतं. हे एकदा प्रत्यक्ष दिसलं की फळ्यावरच्या दहा आकृत्यांची गरज पडत नाही. दुसरी अडचण उजेडाची. वर्गात समोरासमोर दोन ट्यूबलाइट असतील तर वस्तूच्या दोन पुसट सावल्या पडतात आणि मुलाला छाया कुठे द्यायची तेच कळत नाही. दिवे बंद करा, खिडकीजवळ मांडणी करा, आणि एका मांडणीभोवती आठांपेक्षा जास्त मुलं बसवू नका. पेन्सिलने माप घेताना कोपर वाकलं की प्रत्येक माप वेगळं येतं. हात ताठ, एक डोळा बंद, दर वेळी तसंच.

भूमितीत वर्तुळ जुळत नाही ते बहुतेक वेळा कंपासच्या सैल बिजागरीमुळे. मुलाला रागावण्याआधी स्क्रू घट्ट करून बघा.

सकाळच्या पाळीची मुलं दुपारी सुटतात आणि लगेच वर्गाला बसली तर अर्ध्या तासात मलूल होतात. केळं किंवा चिक्की हा वर्गाच्या खर्चातला पहिला आकडा असावा, कागदाच्याही आधीचा.

आता सगळ्यात नाजूक जागा. पालिकेच्या पुष्कळ शाळा सातवी-आठवीला संपतात. मूल दुसऱ्या शाळेत जातं आणि इंटरमिजिएटच्या अगदी तोंडावर संस्थेच्या हातून सुटतं. प्रकल्प शाळेच्या नावाने चालवला की हे होणारच. म्हणून नोंदवही मुलाच्या नावाने ठेवा: पालकांचा एक आणि शेजाऱ्याचा किंवा नातेवाइकाचा एक असे दोन फोन नंबर, आणि जूनमध्ये प्रत्येक मूल कुठल्या शाळेत गेलं याची चौकशी. नवी शाळा रेखाकला परीक्षेचे अर्ज भरते का, हे त्याच महिन्यात विचारा. भरत नसेल तर जवळच्या केंद्राशी मुख्याध्यापकांमार्फत बोलायला वेळ मिळतो. अर्जावरचं नाव शाळेच्या दाखल्याशी अक्षरन् अक्षर जुळवा. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ला 7, बी ला 5, सी ला 3, पण त्यासाठीचा प्रस्ताव शाळेनेच मंडळाकडे पाठवायचा असतो. प्रमाणपत्रावर आडनाव वेगळं असेल तर तो तिथेच अडकतो, आणि दुरुस्तीला महिने जातात. मूळ प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी द्या आणि एक प्रत संस्थेच्या फाइलला लावा. पावसाळ्यात गळणाऱ्या घरातला कागद टिकत नाही.