आमची वाटचाल : देव्हाऱ्यांपासून मांजरांच्या चाकांपर्यंत

धायरीतलं आमचं सुतारकामाचं दुकान बाबांनी उभं केलेलं. देव्हारे, पाट, किचन ट्रॉल्या. २०१८ साली कोथरूडच्या एका मॅडमनी मांजरासाठी कॅट ट्री करून द्याल का विचारलं, तेव्हा बाबा रंधा मारता मारताच म्हणाले, "मांजराला खोकं पुरतं." मी ऑर्डर घेतली. पाच फुटी खांब, त्याला घायपाताची दोरी गुंडाळलेली, वर दोन फळ्या. पंधरा दिवसांत फोन आला : ट्री आडवं झालं, जाताना टीव्हीही घेऊन गेलं.

बघायला गेलो, तर दारात जे आलं ते पाहून मी दोन पावलं मागेच सरलो. सोनेरी अंगावर बिबट्यासारखी ठिपक्यांची फुलं, लांबोळं पिळदार शरीर, मागचे पाय पुढच्यांपेक्षा उंच, आणि उन्हात केस चक्क चमचमणारे. "बंगाल कॅट," मॅडम म्हणाल्या. त्या दिवसापासून मला या जातीचा नाद लागला.

बंगालशी तिचं नातं नावापुरतं. बिबट मांजर नावाच्या रानमांजराच्या शास्त्रीय नावात 'बेंगालेन्सिस' आहे, तिथून ते आलं. अमेरिकेतल्या जीन मिल यांच्याकडे १९६० च्या दशकात अशी एक मादी होती. काळ्या बोक्यापासून तिला पिल्लू झालं. पुढं १९८० च्या सुमारास, रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या डॉ. विलार्ड सेंटरवॉल यांच्याकडच्या संकरित मांजरी त्यांनी घेतल्या आणि काम नेटानं सुरू केलं. अडचण अशी, की पहिल्या पिढ्यांतले बोके वांझ निघतात, त्यामुळे बोका बाहेरूनच आणावा लागतो. असा एक त्यांना दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात मिळाला, साधा भटका! ती चमचम त्याच्याकडून आली म्हणतात. १९८६ मध्ये मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या 'टिका' या संस्थेनं जातीची नोंद केली. आज घरात पाळायला देतात ती बिबट मांजरापासून मोजून चौथ्या पिढीपासून पुढची मांजरं. (अस्सल बिबट मांजर आपल्या सह्याद्रीतही आहे, पण ते पाळणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा. तसलं कुणी मागितलं तर मी सरळ फोन ठेवतो.)

स्वभाव? दार उघडणं, नळाखाली पंजे भिजवणं, पडद्याच्या दांडीवर जाऊन बसणं, आणि लक्ष दिलं नाही तर कर्कश ओरडणं. खोडसाळपणा नाही तो, अंगातली रग आहे. आम्ही बैठक १८ एमएम प्लायची दुहेरी केली आणि खांब भिंतीला अँकरनं आवळायला लागलो. मग धावायचं चाक केलं. पहिलं अडीच फुटांचं होतं, त्यात धावताना मांजराची पाठ वाकायची. आता व्यास चार फूट, आत बेअरिंग. पहिल्या चाकाचा आवाज इतका होता, की खालच्या मजल्यावरचे काका रात्री वर आले होते.

आता गिऱ्हाइकाला आधी विचारतो, मांजर बंगाल आहे का? कुणी घेण्याच्या विचारात असेल आणि घरातले सगळे दिवसभर ऑफिसला जाणारे असतील, तर घेऊ नका म्हणतो. चाकाची ऑर्डर तिथंच जाते. बाबांना ते अजून पटत नाही.