कॅमेरा कुठे होता?

‘शाळेने मला काय दिले’ यावर लिहा, असा स्मरणिकेच्या संपादकांचा निरोप आला. खरं सांगायचं तर मला शाळेने एक प्रश्न दिला, आणि तोही भूमितीच्या सरांनी, भूमितीच्या तासाबाहेर.

शनिवारी शाळा सुटली की सभागृहाच्या खिडक्यांना काळे पडदे लागायचे. 16 मिलिमीटरचा प्रोजेक्टर घरघरू लागायचा. फिल्म सोसायटीकडून उसनी आणलेली रिळं एकामागून एक चढायची, मधल्या वेळात दिवे लागायचे आणि आम्ही दंगा करून घ्यायचो. चित्रपट संपला की सर पुढे येऊन एवढंच विचारत, “कॅमेरा कुठे होता?” ‘छान होता’, ‘कंटाळा आला’ असल्या उत्तरांना तिथे थारा नव्हता.

‘सिटिझन केन’ दाखवला त्या दिवसाची गोष्ट सांगायलाच हवी. केन निवडणूक हरतो आणि मध्यरात्री रिकाम्या कचेरीत मित्राशी त्याची जुंपते, तो प्रसंग. आम्हाला काहीच सांगता येईना. तेव्हा सरांनी एका मुलाला व्यासपीठाच्या कडेला उभं केलं आणि आम्हा सगळ्यांना खाली फरशीवर आडवं व्हायला लावलं. “आता वर बघा.” तो किरकोळ मुलगा एकदम बुरुजासारखा दिसायला लागला. मग सर म्हणाले, दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने या दृश्यासाठी स्टुडिओची जमीन खोदून कॅमेरा खड्ड्यात उतरवला होता. एवढ्या खालून पाहिलं की छत दिसतं, म्हणून सेटला कापडाची छतं लावली आणि ध्वनिमुद्रणाचे माइक त्या कापडामागे दडवले. हे सगळं 1940 मध्ये, पंचविशीतल्या, पहिलाच मोठा चित्रपट करणाऱ्या पोराने. माणूस हरला त्याच क्षणी पडद्यावर तो सगळ्यांत मोठा का दिसावा, यावर आम्ही फरशीवर पडूनच वाद घातला. तेवढ्यात मुख्याध्यापक दार उघडून आत आले. चाळीस विद्यार्थी आडवे पडलेले पाहून काहीही न बोलता त्यांनी दार पुन्हा लावून घेतलं.

‘टोकियो स्टोरी’च्या वेळी मी चक्क झोपलो होतो. नेमका मलाच प्रश्न आला. मी म्हणालो, “सर, कॅमेरा झोपला होता.” सभागृह हसलं, सरही हसले. म्हणाले, “झोपला नव्हता, बसला होता.” त्याचा जपानी दिग्दर्शक ओझू कॅमेरा जवळजवळ जमिनीलगत ठेवतो आणि सहसा हलवत नाही, हे कळायला मला तो चित्रपट पुन्हा पाहावा लागला, आणि तोही विशीनंतर.

त्या वर्षी, म्हणजे 1982 मध्ये, ‘साइट अँड साउंड’ या चित्रपटांवरच्या ब्रिटिश नियतकालिकाने सर्वश्रेष्ठ चित्रपटांचा कौल घेतला होता. दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना दहा-दहा नावं विचारायची, ही त्यांची 1952 पासूनची रीत. पहिल्या खेपेला ‘बायसिकल थीव्ह्ज’ अव्वल आला होता, चार वर्षांपूर्वीचा ताजा चित्रपट! 1962 पासून मात्र ‘केन’. सरांनी यादी फळ्यावर लिहिली: पहिला ‘केन’, दुसरा झाँ रेन्वारचा ‘रूल्स ऑफ द गेम’, तिसऱ्या जागी ‘सेव्हन सामुराई’ आणि ‘सिंगिन इन द रेन’ बरोबरीत. तलवारी आणि नाचगाणी एकाच पायरीवर! वर्गात दोन तट पडले. मग सरांनी आमचंही मतदान घेतलं.

इथे एक कबुली. मी माझ्या चिठ्ठीत ‘रूल्स ऑफ द गेम’ लिहिला, न बघता. दुसऱ्या क्रमांकाचा आहे म्हणजे असणारच मोठा. सरांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. कान लाल होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

(तो चित्रपट पुढे पाहिला. 1939 मध्ये पॅरिसमध्ये प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती, सरकारने बंदी घातली, मूळ निगेटिव्ह युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेली; 1959 मध्ये तुकडे जुळवून तो पुन्हा उभा केला गेला. त्यात कॅमेरा पाहुण्यासारखा खोल्याखोल्यांतून हिंडत असतो. चिठ्ठी चुकली नव्हती, पण ती माझी नव्हती.)

समीक्षकांच्या त्या दहा नावांना क्रम नसतो. सगळ्यांना सारखंच एक मत. म्हणजे पहिला आलेला चित्रपट प्रत्येकाच्या मनात पहिला असेलच असं नाही. मला तर वाटतं, ओळीने पाच वेळा पहिलं येऊन ‘केन’चं नुकसानच झालं. लोक परीक्षेला बसल्यासारखे त्याच्यासमोर बसतात आणि त्यातला खट्याळपणा निसटतो. 2012 मध्ये ‘व्हर्टिगो’ने 191 विरुद्ध 157 मतांनी त्याला खाली ओढलं, तेव्हा मी उत्साहाने सरांना फोन केला. फळ्यावरच्या यादीत ‘व्हर्टिगो’ सातव्या जागी होता, हे त्यांच्या लक्षात होतं. “मतं देणारे किती वाढले, ते बघ आधी,” एवढंच म्हणाले.

2022 चा निकाल पाहायला सर नव्हते. पहिला आला शांताल आकरमनचा ‘झान दीलमान’, 1975 चा. या यादीत बाईने दिग्दर्शित केलेला चित्रपट पहिल्यांदाच अव्वल आला. तो करताना आकरमन चोवीस वर्षांची होती. एक विधवा, तिचं घर, तीन दिवस, सुमारे तीन तास वीस मिनिटं. ती भांडी घासते, बटाटे सोलते, आणि कॅमेरा समोर एका जागी ठाण मांडून असतो. या वेळी मी आधी बघितला, मग मत बनवायला बसलो. दुसऱ्या तासात माझा डोळा लागला, हेही लिहून टाकतो. जाग आली तेव्हा ती अजून स्वयंपाकघरातच होती. चित्रपट मागे नेला आणि खुर्ची थोडी पुढे ओढून बसलो.