शिआनचा तट: सायकलवरून १३.७ किलोमीटर

चीनमधल्या शिआनला जाणारे बहुतेक जण मातीची फौज (सम्राटाच्या थडग्यापाशी पुरलेले मातीचे सैनिक) बघण्यात दिवस घालवतात आणि संध्याकाळी दिवे बघायला तासभर जुन्या शहराभोवतीच्या तटावर चढतात. गडकोटांचा नाद असेल तर तटाला अख्खी सकाळ द्या.

आधी तयारी. पासपोर्ट खिशात हवाच. तटाचं तिकीट ५४ युआन, सायकलीचं भाडं वेगळं. फोनवर अलीपे हे पैसे भरायचं चिनी अॅप भारतातूनच टाकून कार्ड जोडून ठेवा. तिथे गेल्यावर जोडायला गेलात तर बँकेचा ओटीपी भारतीय सिमवर येतो, आणि रोमिंग नसलं की सगळं अडतं. गूगलचा नकाशा चीनमध्ये नीट चालत नाही, चाललाच तर ठिकाणं काही शे मीटर सरकलेली दिसतात, अॅमॅप हे चिनी नकाशाचं अॅप वापरा. १ ते ७ ऑक्टोबरच्या सुट्टीत जाऊच नका.

मेट्रोच्या लाइन २ वर युंगनिंगमेनला उतरलं की समोर दक्षिण दरवाजा. सकाळी आठला वर चढावं. तटावर झाड नाही की सावली नाही, आणि उन्हाळ्यात दहानंतर विटा तापतात. सायकलने दोन तास पुरतात, थांबत बघायचं तर तीन; पायी चार-पाच. पाऊस असला की सायकली देत नाहीत. घेताना ब्रेक आणि सीट दोन्ही तपासा, कारण विटांची फरसबंदी खडबडीत आहे आणि ढिली सीट पहिल्या किलोमीटरातच खाली बसते. सायकल दुसऱ्या दरवाजावरच्या ठिकाणीही परत करता येते, म्हणजे फेरी अर्ध्यावर सोडायची मुभा आहे.

आपल्याकडे वाट वळवून शत्रूला कोंडीत धरायचं काम गोमुखी दरवाजा करतो. इथे सपाट मैदान, वळवायला कडा नाही. म्हणून एकामागे एक तीन इमारती: खंदकावरच्या उचलत्या पुलाची, मग बाणांच्या खिडक्यांची, आणि शेवटी मुख्य दरवाजाची. शेवटच्या दोहोंच्या मधला चौक चारी बाजूंनी तटाने बंद. त्यात शिरलेल्यावर चहूकडून मारा. मात्र दक्षिणेची बाणांची इमारत २०१४ मध्ये नव्याने उभारलेली आहे. जुनी १९२६ च्या वेढ्यात गेली (त्याबद्दल पुढे). खरं मिंग काळातलं काम बघायचं तर पश्चिमेच्या आनदिंगमेनला थांबा. तिथे बाहेरच्या अंगाला चार रांगांत ४८ खिडक्या आहेत. गर्दीही कमी.

तट १३७० ते १३७८ मधला, मिंग राजवटीच्या अगदी सुरुवातीचा. उंची १२ मीटर, माथ्यावर रुंदी १२ ते १४, पायाशी १५ ते १८. आत ठोकून घट्ट केलेली माती, तळाच्या थरात चुना आणि चिकट तांदळाची पेज. विटांचं कवच चढलं ते १५६८ मध्ये. मातीचा वैरी पाणी. ते मुरलं की माती फुगते आणि विटा सुटतात. म्हणून माथ्याला शहराच्या बाजूला उतार दिलाय आणि आतल्या अंगाला ४० ते ६० मीटरवर पन्हळी काढल्यात. सायकल आतल्या कडेला झुकते ती त्यामुळे, चाकात दोष नसतो.

बुरूज ९८, सगळे चौकोनी. एकावर उभं राहून शेजारच्याकडे बघा: अंतर साधारण १२० मीटर. तटाच्या पायथ्याला चिकटलेला शत्रू सरळ वरून दिसत नाही, वाकून बघावं तर आपलंच डोकं जातं. दोन्ही बुरुजांवरून तिरका मारा केला की प्रत्येकाच्या वाट्याला ६० मीटर येतात, म्हणजे धनुष्याच्या सहज टप्प्यात. चऱ्या (आडोशाने मारा करायच्या खाचा) फक्त बाहेरच्या बाजूला. आतली भिंत बुटकी आणि साधी, ती केवळ माणूस खाली पडू नये म्हणून.

उत्तरेच्या आनयुएनमेनला मुख्य इमारत नाही. १९११ च्या क्रांतीतल्या लढाईत ती गेली, बाणांची तेवढी उरली. यानंतर १९२६. ल्यू झन्हुआ या लष्करी सरदाराच्या फौजेने सुमारे आठ महिने शहर वेढून धरलं. आत शहर लढवणारे सेनापती यांग हूछंग आणि ली हूछन. मिंग काळातल्या या भिंतीने विसाव्या शतकातली फौज थोपवली, पण अन्न संपलं आणि शहरात हजारो माणसं उपाशी मेली. नोव्हेंबरअखेर मदतीला आलेल्या फंग युशियांगच्या सैन्याने वेढा उठवला. मृतांची सामुदायिक दफनं गमिंग बागेत आहेत. वूलूकौ मेट्रोपासून चालत जाता येतं. पर्यटक जवळजवळ नसतातच, पण हा थांबा चुकवू नका. (हाच यांग पुढे १९३६ च्या शिआन प्रकरणात चीनचा तेव्हाचा नेता चांग काय-शेकला अटकेत ठेवणाऱ्या दोघांपैकी एक.)

दुसऱ्या दिवशी मातीची फौज. तिकीट १२० युआन, आगाऊ पासपोर्टवर काढायचं. मेट्रोच्या लाइन ९ ने ह्वाछिंगछी, पुढे बस किंवा टॅक्सी. स्टेशनबाहेर 'फौजेकडे थेट' म्हणून ओढणारे आधी पुतळ्यांच्या कारखान्यात नेतात. पहिल्या खड्ड्याच्या कठड्यावर तास घालवण्यापेक्षा शस्त्रांच्या काचपेट्यांशी थांबा. आडव्या धनुष्याचा कांस्य खटका बघा: तीन हलते भाग आणि दोन खिळी. छिन काळात, म्हणजे ही फौज घडली तेव्हा, तो थेट लाकडात बसवत. त्याला कांस्य पेटी मिळाली नंतरच्या हान काळात, तेव्हा कुठे जास्त ताण सोसू लागला. गुडघा टेकलेल्या धनुर्धाऱ्याच्या मागे जा. जोड्याच्या तळव्यावरची शिवण टाचेला आणि चवड्याला दाट, मधे विरळ.

याच थडग्यापाशी सापडलेले कांस्य रथ मात्र इथे नाहीत. ते २०२१ पासून लीशान बागेतल्या वेगळ्या संग्रहालयात आहेत. तिकीट तेच, मोफत बस आहे. पण तिच्या रांगेसाठी दुपारचा तासभर हाताशी ठेवा.