घरातली पत

मुलांच्या गल्ल्यातून उसने पैसे घेणं हा आईबापांचा जुना उद्योग आहे. दाराशी कुणीतरी उभं असतं, सुट्टे हवे असतात आणि पाकिटात नेमक्या मोठ्या नोटा. मग गल्ला उलटा करायचा, फटीत सुरीचं टोक घालायचं आणि एकेक नाणं खाली पाडायचं. ‘संध्याकाळी परत टाकते हं!’ संध्याकाळ येते नि जाते. वाढदिवसाला मिळालेल्या पाकिटांचंही तेच. ‘माझ्याकडे दे, तू हरवशील. मी जपून ठेवते.’ इतकं जपून, की पुढे ते कुणालाच सापडत नाही. मूल एकदा विचारतं, दोनदा विचारतं, मग विचारायचं सोडून देतं. ते विसरलं, असं आपण धरून चालतो. मला वाटतं, त्याने आपलं खातं बंद केलेलं असतं.

आणि हेच आईबाप रात्री जेवताना बचतीचं महत्त्व सांगतात.

बचत म्हणजे आजची गोष्ट उद्यावर टाकणं. मोठ्यांना निदान स्वतःचा उद्या थोडाफार दिसतो. लहान मुलाचा उद्या मात्र सगळा मोठ्यांच्या ताब्यात असतो. त्याने थांबावं ते कुणाच्या भरवशावर?

थांबण्याचा एक प्रयोग बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत तो सुरू केला. समोर आवडीचा खाऊ, लगेच खाल्लास तर एकच, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. थांबणारी मुलं पुढे अभ्यासात सरस निघाली, हा त्याचा उत्तरार्ध पालकांना फार प्रिय, कारण त्यात सगळा भार मुलाच्या संयमावर जातो. (२०१८ मध्ये नऊशेच्या वर मुलांची माहिती घेऊन हा संबंध पुन्हा तपासला गेला. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो बराच फिका पडला. ही बातमी मात्र तेवढी फिरली नाही.)

मला त्यापेक्षा रोचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. २०१३ चा. तीन ते पाच वर्षांची २८ मुलं. खाऊ समोर येण्याआधी त्यांना चित्र काढायला बसवलं आणि वापरून झिजलेले खडू दिले. ‘थोडं थांबलास तर याहून छान सामान आणते,’ असं सांगून ताई बाहेर गेली. निम्म्या मुलांना तिने खरंच नवं सामान आणून दिलं. उरलेल्यांकडे ती रिकाम्या हाताने परतली, ‘अगं, संपलं वाटतं, माझ्या लक्षात नव्हतं.’ स्टिकरच्या बाबतीतही तसंच घडलं. मग आला खाऊ, आणि पुन्हा तेच वचन. ज्यांना आधी सामान मिळालं होतं, ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना दोनदा फसवलं होतं, ती तीन मिनिटं. पूर्ण पंधरा मिनिटं थांबणारी पहिल्या गटात १४ पैकी नऊ, दुसऱ्यात अवघं एक. त्या एकाचं मला राहून राहून कौतुक वाटतं, पण शहाणी म्हणायची तर उरलेली तेराच. ज्याच्या शब्दाला किंमत नाही, त्याच्यासाठी कोण कशाला थांबेल?

शब्दाची किंमत आपण आणखी एका ठिकाणी घालवतो. मूल दुकानात हट्ट धरतं आणि आपल्या तोंडून सहज जातं, ‘पैसे नाहीत.’ चार पावलांवर आपणच फोन पुढे धरून भलत्याच वस्तूचे पैसे देतो. मूल बघत असतं. ‘पैसे आहेत, पण यासाठी द्यायचे नाहीत,’ हे खरं उत्तर. पण ते दिलं की ‘का?’ येतो आणि त्याचं उत्तर तयार ठेवावं लागतं. खोटं त्या मानाने बिनकष्टाचं. ज्या घरात खरोखरच पैसे नसतात, तिथे हे वाक्य खरं असतं आणि मुलांना ते लवकर कळतं. मी बोलतोय ते ज्यांच्या घरी हे वाक्य सोयीसाठी वापरतात, त्यांच्याबद्दल.

पाचव्यांदा मागितल्यावर हो म्हणणाऱ्यांचं काय होतं, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगांतल्या कबुतरांनी दाखवून ठेवलंय. दर टोचणीला दाणा मिळायचा आणि तो बंद झाला, की कबूतर लवकर नाद सोडतं. कधी मिळतो, कधी नाही, असं असलं तर बंद झाल्यावरही किती तरी वेळ टोचत राहतं. अधूनमधून विरघळणारा बाप घरात हेच शिकवत असतो. एक वेळ पहिल्याच मागणीला हो म्हणावं, पण पाचवीला नको.

खाऊच्या पैशातून दंड कापणारेही असतात. दूध सांडलं, कापा. उलट बोललास, कापा. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांवरचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना सहा पाळणाघरांनी दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. पैसे भरले की झालं, संकोच कशाला! दंड काढून टाकला तरी संख्या खाली आली नाही. मोठी माणसं असं करतात, तर उलट बोलायचा दर कळल्यावर पोरगं दोन दिवसांचे एकदम भरून मोकळं होईल.

खाऊचे पैसे ठरल्या दिवशी, ठरले तेवढे द्यावेत आणि ते कशावर उधळले, हे बघून दात-ओठ खाऊ नयेत. पहिल्याच दिवशी संपले तर संपले. कठीण भाग पुढे असतो. चौथ्या दिवशी ते पडलेलं तोंड बघायचं आणि खिशात हात घालायचा नाही.

माझ्या एका मित्राच्या मुलीने अशा वेळी पुढच्या आठवड्याचे पैसे आगाऊ मागितले. त्याने नाही म्हटलं नाही. ‘आज दहा घे, पुढच्या आठवड्यात अकरा कापीन,’ म्हणाला. तिने बोटांवर हिशेब केला, थोडी घुटमळली आणि ‘मग राहू दे’ म्हणाली. तो खूश. इतक्यात तिने विचारलं, ‘बाबा, तुझा फोनपण हप्त्यावर आहे ना? त्याचे किती जास्त जातात?’

त्याने विषय बदलला आणि रात्री मला फोन केला, सांगावं की नको. मी म्हटलं, सांग. आधी कागद काढून तू स्वतः बघ, मग सांग.